ईमेलने पाठवलेली फाइल उघडत नाही? बिघाड नेमका कुठे झाला ते असं शोधा

"तुमची अटॅचमेंट करप्ट आहे, परत पाठवा." कॉलेजची ॲडमिशन असो, नोकरीचा अर्ज असो की बँकेतलं काम, असं उत्तर आलं की बहुतेक जण एकच गोष्ट करतात. तीच फाइल, तशीच, परत पाठवतात. ती परत तशीच पोहोचते. दोन-तीन वेळा हे झालं की मुदत संपते, आणि मुदत संपल्यावर फाइल कोणाकडे बिघडली हे कोणी विचारत नाही.

मी सॉफ्टवेअर इंजिनीअर आहे. गाव वडनेर भोलजी, नांदुरा तालुका, बुलढाणा जिल्हा. सुट्टीत घरी गेलो की "फाइल उघडूनच नाही राहिली भाऊ" म्हणत कोणीतरी फोन पुढे करतंच. अशा बऱ्याच फायली बघून माझं एक मत पक्कं झालंय: मेल फाइल सहसा बिघडवत नाही. बिघाड मेलमध्ये चढण्याआधी झालेला असतो, नाहीतर मेलमधून उतरवताना. आणि पुष्कळदा तर फाइल ठणठणीत असते, फक्त समोरच्याच्या ॲपला ती समजत नाही. या तिन्हींवरचे उपाय वेगवेगळे आहेत, म्हणून आधी जागा शोधायची, मग दुरुस्ती.

पहिली तपासणी: सेंट फोल्डर

फोनच्या गॅलरीत किंवा डाउनलोडमध्ये फाइल उघडून बघू नका. ती तुमच्याकडची प्रत आहे, पाठवलेली नाही. मेलच्या सेंट फोल्डरमध्ये जा, तिथली अटॅचमेंट डाउनलोड करा आणि जमलं तर दुसऱ्याच फोनवर किंवा कॉम्प्युटरवर उघडा. तिथेही उघडली नाही, तर फाइल पाठवण्याआधीच खराब होती. शंभर वेळा पाठवा, उपयोग नाही. नीट उघडली, तर अडचण समोरच्याच्या बाजूला आहे, आणि तसं त्यांना ठामपणे सांगता येतं.

दुसरी तपासणी आकाराची. फाइल मॅनेजरमध्ये फाइलची माहिती उघडली की आकार दिसतो. शून्य बाइट असेल तर आत काहीच नाही. असं होण्याची नेहमीची कारणं दोन: फोनची जागा भरलेली असताना फाइल सेव्ह झाली, किंवा फाइल फोनवर नव्हतीच, क्लाउडवर होती आणि इथे फक्त तिचं नाव दिसत होतं.

समोरच्याला त्याच्याकडे आलेल्या फाइलचा आकार विचारा आणि तुमच्याशी ताडून बघा. इथे एक गंमत आहे. अँड्रॉइड फोन एमबी काढताना १००० ने भागतो, विंडोज १०२४ ने. त्यामुळे ५० लाख बाइटची फाइल फोनवर ५ एमबी दिसते आणि विंडोजवर ४.७७ एमबीच्या आसपास. एवढ्या फरकाने घाबरू नका. विंडोजमध्ये फाइलवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडलं की पूर्ण बाइटचा आकडाही दिसतो, तो खरा धरायचा.

मेलमधून फाइल जाते तरी कशी

हे कळलं की पुढचं बरंच सोपं होतं. ईमेल मुळात साध्या इंग्रजी मजकुरासाठी बनला. फोटो, पीडीएफ असलं काही त्यातून थेट जात नव्हतं. १९९२ मध्ये नॅथॅनिएल बोरेनस्टाइन आणि नेड फ्रीड या दोघांनी माइम नावाचा नियम लिहिला. त्याच वर्षी ११ मार्चला बोरेनस्टाइन यांनी आपल्या गाण्याच्या चमूचा फोटो आणि आवाज जोडून मेल पाठवला. आजच्या अटॅचमेंटची सुरुवात तिथून धरतात.

युक्ती अशी: फाइलमधले बाइट तीन-तीनच्या गटात घ्यायचे आणि प्रत्येक गटाची चार साधी अक्षरं करायची. याला बेस-६४ म्हणतात, कारण त्यासाठी ६४ चिन्हं वापरतात. आपलं "क" अक्षर युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत तीन बाइट घेतं. बेस-६४ मध्ये त्याची चार चिन्हं होतात: इंग्रजी आकडा ४, मग के, एस, व्ही. पोहोचल्यावर समोरचं ॲप उलटा हिशोब करून परत तीन बाइट काढतं.

तीनाचे चार झाले म्हणजे फाइल मेलमध्ये एक तृतीयांशाने फुगते, आणि ओळी तोडण्याच्या खुणा धरून त्याहून थोडी जास्त. ऑफिसच्या सर्व्हरने मेलला १० एमबीची मर्यादा घातली असेल, तर तुमची फाइल सात एमबीच्या पुढे गेली की अडकू शकते. जीमेलची अटॅचमेंटची मर्यादा २५ एमबी आहे. त्याहून मोठी फाइल जीमेल ड्राइव्हवर ठेवतं आणि मेलमध्ये फक्त लिंक जाते. त्या लिंकला परवानगी दिलेली नसली की समोरच्याला "ॲक्सेस नाही" असं पान दिसतं आणि तो तुम्हाला कळवतो की फाइल करप्ट आहे.

वाटेत फाइल बदलण्याची भीती मात्र सोडा. आजकाल मेल सर्व्हरमधला प्रवास बहुतेक करून एन्क्रिप्टेड असतो. मध्ये एक बाइट जरी बदलला तरी जोडणीच तुटते, अर्धवट बदललेली फाइल पुढे जात नाही. बदल करणारे असतात ते समोरच्या संस्थेचे अँटिव्हायरस. त्यांना फाइल संशयास्पद वाटली तर ते ती काढून टाकतात आणि तिच्या जागी एक छोटी सूचना ठेवतात. पाठवणाऱ्याला ते कळतही नाही.

फाइलची सुरुवात वाचा

हा माझा आवडता उपाय, कारण यात अंदाज नाही. फाइलच्या नावामागे डॉट पीडीएफ लिहिलंय म्हणून ती पीडीएफ असते असं नाही. नाव कोणीही काहीही देऊ शकतं. खरी ओळख फाइलच्या पहिल्या काही बाइटमध्ये असते.

कॉम्प्युटरवर नोटपॅडमध्ये किंवा फोनवर एखाद्या टेक्स्ट एडिटर ॲपमध्ये फाइल उघडा. बहुतेक कचरा दिसेल, तो दिसणारच. फक्त अगदी सुरुवात बघायची आणि सेव्ह न करता बंद करायचं. सेव्ह केलंत तर चांगली फाइलसुद्धा खराब होईल.

पीडीएफची सुरुवात टक्क्याच्या चिन्हाने होते आणि त्याला लागून कॅपिटल अक्षरांत पीडीएफ लिहिलेलं असतं. डॉक्स, एक्सएलएसएक्स आणि झिप या तिन्हींची सुरुवात पी आणि के या अक्षरांनी होते, कारण वर्डची आणि एक्सेलची नवीन फाइल म्हणजे आतून झिपच असते. पीके ही झिप बनवणाऱ्या फिल कॅट्झ यांची आद्याक्षरं आहेत. जगातल्या प्रत्येक डॉक्स फाइलवर या माणसाची सही आहे असं म्हणायला हरकत नाही.

आणि सुरुवातीला कोनाची खूण, म्हणजे "<", दिसली आणि पुढे एचटीएमएल वगैरे असेल, तर ती फाइल नाही, वेबपेज आहे. आमच्या गल्लीतल्या एका मुलीचं हेच झालं होतं. स्कॉलरशिपसाठी मार्कशीट मेल करायची होती आणि त्याच दिवशी संध्याकाळी मुदत संपत होती. तिने तीन वेळा पाठवली, तिन्ही वेळा उत्तर तेच. मी आकार बघितला: ३ केबी. मार्कशीटची पीडीएफ इतकी छोटी नसते. एडिटरमध्ये उघडली तर पहिलंच चिन्ह कोनाचं. पोर्टलवरून डाउनलोड करताना तिचं लॉगिन संपलं होतं. सर्व्हरने मार्कशीटऐवजी लॉगिनचं पान दिलं आणि फोनने ते मुकाट्याने पीडीएफ म्हणून ठेवून घेतलं. परत लॉगिन करून डाउनलोड केल्यावर ४०० केबीची फाइल मिळाली. काम पाच मिनिटांचं होतं, त्याआधी अर्धा दिवस गेला होता.

अर्धवट डाउनलोड झालेली फाइलही अशीच फसवते. अर्धा आलेला जेपीजी फोटो तुम्ही पाहिला असेल: वरचा भाग नीट, खाली सगळं राखाडी. जेपीजी वरून खाली क्रमाने लिहिलेला असतो, म्हणून आलं तेवढं दिसतं. पीडीएफचं तसं नाही. कुठलं पान कुठे आहे याची यादी पीडीएफमध्ये साधारणपणे फाइलच्या शेवटी असते. झिपचंही तेच, म्हणजे डॉक्सचंही तेच. त्यामुळे ९५ टक्के फाइल उतरली आणि नेटवर्क गेलं, तर ९५ टक्के पानं दिसत नाहीत, बऱ्याचदा काहीच दिसत नाही. फाइलच्या नावाच्या शेवटी सीआरडाउनलोड किंवा पार्ट असं काही चिकटलेलं असेल, तर डाउनलोड अजून पुरं झालेलं नाही. ते शेपूट पुसून नाव बदललं म्हणून राहिलेला भाग येत नाही. परत डाउनलोड करा, शक्यतो वायफायवर.

मराठी फाइलचं दुखणं वेगळं

इंग्रजीतल्या मदतीच्या पानांवर हा भाग सापडत नाही, आणि आपल्याकडे मात्र रोज भेटतो. वर्डची फाइल येते, उघडते, आकारही बरोबर असतो, पण आत मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांची खिचडी. सगळे म्हणतात करप्ट. ती करप्ट नसते.

ग्रामपंचायत, शाळा, छापखाना, वकिलांचे टायपिस्ट, अशा कितीतरी ठिकाणी अजून कृतिदेव, श्रीलिपी किंवा सी-डॅकच्या जुन्या फॉन्टमध्ये टायपिंग चालतं. हे फॉन्ट युनिकोडचे नाहीत. कृतिदेवमध्ये "मराठी" हा शब्द टाइप केला, की फाइलमध्ये ई, जे, के, कॅपिटल बी आणि एच अशी पाच इंग्रजी अक्षरं साठवली जातात. ई या अक्षराच्या जागी "म" चं चित्र काढायचं, हे फक्त तो फॉन्ट जाणतो. तुमच्या फोनमध्ये तो फॉन्ट नाही, म्हणून फोन प्रामाणिकपणे ई, जे, के, बी, एच दाखवतो. फोनचं काही चुकलेलं नाही.

ओळखायचं कसं? खिचडीत शब्दांची लांबी आणि मधल्या रिकाम्या जागा मराठी वाक्यासारख्या दिसतात, आकडे आणि तारखा कधी कधी ओळखूही येतात. अशी फाइल आली तर पाठवणाऱ्याला सांगा की त्याच्याच कॉम्प्युटरवर पीडीएफ बनवून पाठवा. पीडीएफमध्ये फॉन्ट आत भरला जातो, त्यामुळे कुठेही नीट दिसतं. मात्र त्या पीडीएफमधून मजकूर कॉपी केलात तर परत खिचडीच मिळेल. मजकूर बदलायचा असेल तर कृतिदेव किंवा श्रीलिपीमधून युनिकोड करून देणारे कन्व्हर्टर आहेत. त्यानंतर एकदा डोळ्याखालून घाला, जोडाक्षरं आणि रफार हमखास इकडेतिकडे होतात. माझं विचाराल तर २०२० नंतर नवीन कागद जुन्या फॉन्टमध्ये टाइप करण्याला काहीच कारण उरलेलं नाही. पण तीस वर्षं त्याच कीबोर्डवर बोटं बसलेल्या टायपिस्टकाकांना हे मी सांगत नाही. त्यांच्याकडून पीडीएफ घेतो.

दुसरी खिचडी दिसायला वेगळी. डोक्यावर तिरकी रेघ असलेला छोटा ए, त्याच्यामागे चार काटे असलेला गोल, आणि हीच जोडी पुन्हा पुन्हा. याचा अर्थ मजकूर युनिकोडचाच आहे, पण उघडणाऱ्याने तो जुन्या युरोपीय पद्धतीने वाचला. एक्सेलमध्ये मराठी सीएसव्ही फाइल थेट डबल क्लिक करून उघडली की हे हमखास होतं. फाइल बंद करा, एक्सेलच्या डेटा मेनूतून "टेक्स्ट किंवा सीएसव्हीमधून" असा पर्याय घेऊन इम्पोर्ट करा आणि एन्कोडिंग यूटीएफ-८ निवडा. मराठी परत येते. पण त्या खिचडीवरच सेव्ह करून टाकलं असेल, तर मूळ फाइल परत मागवणं सोपं.

तिसरी गोष्ट फाइलच्या नावाची. मेलचा वरचा भाग, जिथे नाव, विषय वगैरे असतं, तोही जुन्या इंग्रजी नियमांचा. म्हणून मराठी नावसुद्धा बेस-६४ करून जातं. समोरचं जुनं सॉफ्टवेअर ते उलटं करू शकलं नाही, की नाव म्हणून चिन्हांची लांबच लांब माळ दिसते, शेवटचं डॉट पीडीएफही त्यात हरवतं आणि फाइल कशात उघडायची हे कॉम्प्युटरला कळत नाही. मराठी नाव होतं हे ओळखायची एक खूण सांगतो: माळेत आकडा ४, के, एस किंवा ४, के, डब्ल्यू असे तुकडे सारखे येतात. देवनागरी अक्षराचे पहिले दोन बाइट ठरावीक दोनच प्रकारचे असतात, म्हणून ही खूण पडते. "सातबारा" हे नाव असं गेलं तर त्याची २८ चिन्हं होतात आणि दर चारांतली पहिली तीन ४, के, एस अशीच असतात. अशी फाइल आली तर फक्त नाव बदला, शेवटी डॉट पीडीएफ जोडा, उघडेल.

नाव फार लांब असेल तरी अडतं. अँड्रॉइडवर फाइलचं नाव २५५ बाइटपर्यंतच चालतं, आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं. काना-मात्रा आणि हलन्तही वेगळे मोजले जातात. म्हणजे ८५ चिन्हं. "शेतकऱ्याचं पूर्ण नाव, गाव, तालुका, गट नंबर, दुरुस्त, अंतिम" असं नाव दिलंत तर मर्यादा कधी ओलांडली कळतही नाही. पाठवताना नाव छोटं आणि इंग्रजी अक्षरांत ठेवा. मराठीचा अभिमान फाइलच्या आत दाखवा.

फाइल ठीक आहे, पण करप्ट म्हणतात

ई-आधारची पीडीएफ पासवर्डने बंद असते: नावाची पहिली चार इंग्रजी कॅपिटल अक्षरं आणि जन्माचं वर्ष. बँकेची स्टेटमेंटही अशीच येतात. साधी पीडीएफ ॲप पासवर्ड न विचारता सरळ "फाइल उघडता येत नाही" म्हणून मोकळी होतात. पासवर्ड लागतो हे मेलमध्ये लिहा, पासवर्ड मात्र फोनवर सांगा.

महाभूमीच्या पोर्टलवरून १५ रुपये भरून काढलेल्या डिजिटल सातबाऱ्यावर सहीच्या जागी कधी कधी प्रश्नचिन्ह दिसतं. फाइल खराब नसते. त्या कॉम्प्युटरवर सहीची पडताळणी अजून झालेली नसते. मात्र हीच पीडीएफ एखाद्या ॲपने कॉम्प्रेस केली, इतर कागदांबरोबर जोडली किंवा प्रिंट करून परत स्कॅन केली, की डिजिटल सही खरोखरच मोडते. सातबारा नेहमी मूळ फाइलच पाठवायची, वेगळी.

पीडीएफ उघडल्यावर फक्त "कृपया थांबा" अशा अर्थाचं एक इंग्रजी पान दिसत असेल, तर तो एक्सएफए प्रकारचा फॉर्म आहे. फोनवर त्याची वाट बघण्यात अर्थ नाही. कॉम्प्युटरवर ॲडोबी रीडरमध्ये तो उघडतो.

विनमेल डॉट डॅट नावाची फाइल आली असेल, तर पाठवणाऱ्याने आउटलुकमधून रिच टेक्स्ट प्रकारात मेल केलाय. तुमची खरी फाइल त्याच्या पोटात आहे. त्यांना मेल एचटीएमएल प्रकारात परत पाठवायला सांगा. आयफोनवरून आलेला डॉट एचईआयसी फोटो जुन्या विंडोजवर उघडत नाही, त्याचा जेपीजी मागा. आणि वर्ड म्हणत असेल की फाइल करप्ट आहे, पण फोनवर तीच नीट दिसतेय, तर विंडोजमध्ये फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन "अनब्लॉक" वर खूण करा. इंटरनेटवरून आलेल्या फायलींवर विंडोज एक शिक्का मारून ठेवतं, त्यामुळे कधी कधी असं अडतं.

परत पाठवताना

स्कॅन ॲपमधून थेट मेलला शेअर करू नका. आधी फोनमध्ये सेव्ह करा, बंद करा, परत उघडून शेवटचं पान बघा, मग जोडा. जोडताना पट्टी पूर्ण भरेपर्यंत थांबा. फोटो आधी व्हॉट्सॲपवरून फिरला असेल तर तो दाबला गेलाय, मूळ फोटो घ्या किंवा व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून मागवा.

तरीही तक्रार आली तर झिप करून पाठवा. झिपमध्ये प्रत्येक फाइलसोबत एक तपासणीचा आकडा साठवलेला असतो. समोर उघडताना तो जुळला नाही तर झिप स्वतःच तसं सांगते, मग वाद राहत नाही. त्यावर पासवर्ड घालू नका, बरेच मेल सर्व्हर पासवर्डची झिप अडवतात. काही ऑफिसं झिपच घेत नाहीत, त्यांना ड्राइव्हची लिंक द्या आणि परवानगी "लिंक असलेला कोणीही" अशी करा. ही परवानगी काम झाल्यावर काढून घ्या, आधार आणि पासबुक असं उघडं ठेवायचं नसतं.

आणि मेलमध्ये एक ओळ लिहा: "सोबत मार्कशीट, पीडीएफ, ३ पानं, ४१२ केबी." ऑफिसमधल्या माणसाकडे ३ केबीची फाइल आली असेल तर त्यालाही लगेच कळतं, आणि मुदतीच्या आत पाठवल्याची नोंदही तुमच्याकडे तारीख-वेळेसह राहते.